पावणेदोन हातांच्या खाली



इतिहासाच्या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलवावे आणि त्याने मातीवर बोलतो म्हणावे, यात संयोजकांना थोडी धास्ती वाटली असणार. ती रास्त आहे. आम्ही ना शेतकरी, ना इंजिनिअर. पण ज्ञान कोणाला होते, कशासाठी होते आणि कुठे येऊन थांबते, हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न आहे. सोलापूरच्या जमिनीने आम्हाला तो वयाच्या पन्नाशीत नव्याने शिकवला, आणि फी भरपूर घेतली. ती हकीकत पुढे येईल. आधी इतिहास.

आपल्या जुन्या कागदांत गावाची जमीन दोन रंगांत सांगितलेली असते. काळी म्हणजे कसायची, आणि पांढरी म्हणजे राहायची, गावठाणाची. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त हे शब्द भेटतात. हे नुसते रंगाचे वर्णन नव्हे, त्यात व्यवहार आहे. काळीचे हक्क वेगळे, पांढरीचे वेगळे. आता पांढरी पांढरी का? तर माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, खापऱ्या यांचे थर साचत जातात आणि त्या जागेची मातीच राखाडी-पांढरट होते. म्हणून पुरातत्त्वाचे लोक खेड्यात गेले की आधी पांढरी शोधतात. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले, ते साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेले शेतकऱ्यांचे गाव. तेही अशाच पांढरीच्या टेकाडांत निघाले. (पंढरपूरचा याच्याशी संबंध आहे का, असे मागे एकाने विचारले होते. तो वेगळा वाद आहे, आणि वारीच्या तोंडावर आम्ही त्यात पडत नाही.)

म्हणजे बघा, राहायची जागा आणि पिकवायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या भाषेतच मुरलेले होते. चांगली काळी घराखाली घालवायची नाही, हा त्यातला एक हिशेब. दुसरा हिशेब काळीच्या स्वभावाचा. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. वैशाखात तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो आणि भाद्रपदात त्याच जागी चप्पल रुतून बसते. अशा जमिनीवर भिंत उभी राहत नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नव्हती.

सोलापूर तीन भाषांचे गाव, त्यामुळे या मातीलाही तीन नावे. मराठीत काळी, कन्नडात एरे, तेलुगूत रेगड. त्या तेलुगू शब्दावरूनच इंग्रजांनी ‘रेगुर’ केले आणि ते जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत जाऊन बसले. रंग काळा म्हणून ती कुजलेल्या पाल्यापाचोळ्याने समृद्ध असणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय अंश कमीच असतो. ती आहे आपल्या काळ्या पाषाणाची, बेसाल्टची, झीज. त्या झिजेतून जी बारीक चिकणमाती तयार होते, तिचे कण पत्त्यांच्या चळतीसारखे असतात आणि पाणी त्या पत्त्यांच्या मधे शिरते. फुगण्याचे मूळ तिथे आहे.

आता एकोणिसाव्या शतकात या.

पेशवाई गेली, कंपनी सरकार आले, आणि सरकारला सारा बसवायचा होता. पुण्याकडे रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण सनदी अधिकारी होता. इंग्लंडात हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला, जिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होते. खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का. प्रत्येक शेताचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मोजणी केली. कागदावर फार देखणे काम. पण बैलाच्या कडब्याचा, गड्याच्या भाकरीचा, बियाण्याचा हिशेब शेतोशेत काढणार कोण? काढला तो हाताखालच्या कारकुनांनी, आणि कसा काढला ते सांगायला नको. सारा इतका चढला की इंदापूर तालुक्यात जमिनी ओस पडल्या, लोक गाव सोडून गेले. पुण्याला जाताना टेंभुर्णी गेली की भिगवणच्या अलीकडे इंदापूर लागते, तोच हा मुलूख.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हे उदाहरण बरीच वर्षे देत आलो. सिद्धांत चुकीचा नव्हता, पण त्याला जी माहिती लागत होती ती मिळवण्याचा मार्गच नव्हता.

मग त्याच इंदापुरात १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि जमिनीत खणून बघितले. त्यांच्या पद्धतीला आपल्याकडे प्रतबंदी म्हणतात. शेताचे काल्पनिक रेषांनी भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणायचे, माती किती खोल आहे आणि कोणत्या जातीची आहे ते पाहायचे. जाती तीन. पहिली बारीक, एकसारख्या पोताची, काळी ते गडद तपकिरी. दुसरी जरा भरड, बहुधा तांबूस. तिसरी मुरमाड किंवा भुसभुशीत. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल निघाली तर ती १६ आणे. दीड हात निघाली तर १४, सव्वा हात निघाली तर १२, हातभर निघाली तर १०. असे करत पाव हातावर साडेचार आण्यांपर्यंत उतरायचे.

शिवाय दोष सात. चुनखडीचे खडे, वाळूची मिसळ, उतार, मातीला धर नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपण्याचा धोका, आणि जमिनीतून उपळणारे पाणी. एक दोष सापडला की प्रत एक पायरी खाली.

आमच्या मते हे या देशातल्या मातीच्या अभ्यासातले एक मोठे काम आहे, आणि ते झाले करवसुलीसाठी. हेतू सरकारी असला तरी नजर जमिनीवर होती. शेतकरी ज्या खुणांनी जमीन ओळखत होता, म्हणजे खोली, रंग, पोत, पाण्याची वागणूक, त्याच खुणा त्यांनी घेतल्या आणि आण्यांत मांडल्या. पुढे थोड्याच वर्षांत सोलापूरच्या तालुक्यांतही हीच पद्धत फिरली. आज आपल्या सातबाऱ्यावर आकाराचा जो रुपया-पैशांचा किरकोळ आकडा असतो, त्याचे मूळ या प्रतबंदीत आहे.

पण पावणेदोन हात म्हणजे किती? अडीच फुटांहून थोडे जास्त. तिथे त्यांची कुदळ थांबली. त्याखाली काय आहे, आणखी दहा फूट काळी आहे की लगेच मुरूम लागतो, हे त्यांनी मोजले नाही. सारा ठरवायला त्याची गरजच नव्हती. ज्याचा प्रश्न जितका खोल, तितकाच तो खणतो. यात त्यांची चूक नाही. चूक पुढच्यांची, म्हणजे आमची, जे त्या उत्तराला सगळ्या प्रश्नांचे उत्तर समजले.

दुसऱ्यांदा सोलापूरची जमीन खोल खणली गेली ती विसाव्या शतकात. १९३३ मध्ये शेती संशोधनाच्या इंपीरियल कौन्सिलने कोरडवाहू शेतीसाठी देशात पाच केंद्रांची योजना हाती घेतली: सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक. कोरडवाहूच्या या कामात एन. व्ही. कानिटकर हे मोठे नाव. त्यांचे भारतातील कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक १९४४ चे. या मंडळींचा प्रश्न वेगळा होता. पाऊस जून-जुलैत लहरी, सप्टेंबरात जरा भरवशाचा, आणि ज्वारी तर रब्बीत, पाऊस सरल्यावर वाढणार. मग ती जगते कशावर? खोल काळीने धरून ठेवलेल्या ओलीवर. म्हणून बांध घालायचे, खरिपात कुळवाच्या पाळ्या द्यायच्या, बी विरळ पेरायचे, आणि कोळपणी करून भेगा बुजवायच्या, कारण भेग म्हणजे ओल उडून जाण्याची वाट. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ याच स्वभावाच्या जमिनीतली. मंगळवेढ्याची ज्वारी आपण कौतुकाने खातो, तिची सगळी करामत ही की काळी माती पाणी घेते आणि सहजासहजी सोडत नाही.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. ज्वारीसाठी तो गुण आहे. शोषखड्ड्यासाठी काय आहे, ते आता सांगतो.

१९९२ साली सोलापूरची हद्द वाढली. भोवतालची गावे शहरात आली, शेतांचे प्लॉट पडले, गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. इतके, की पुढे २००१ मध्ये राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला. शतकानुशतके जी काळी आणि पांढरी वेगळी ठेवली होती, ती एक झाली. काळीवर पांढरी बसू लागली.

आम्हीही बसलो. प्लॉट घेताना सातबारा काळजीपूर्वक वाचला, फेरफार पाहिले, वकिलांना दाखवले. जमिनीत एक फूटही खणून बघितले नाही. शेजारच्या शेतात ज्वारी छातीइतकी उभी होती आणि जमीन किती चांगली आहे म्हणून आम्हीच खूश. ज्ञानमीमांसा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने ‘चांगली’ हा शब्द ऐकल्यावर ‘कशासाठी?’ हे विचारू नये, याला काय म्हणावे! बांधणाऱ्याने चार फुटांचा पाया घेतला. आम्ही मान डोलावली.

दोन वर्षांत नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरकी भेग गेली. आम्हाला वाटले, घर खचले. एका जाणकाराला बोलावले, त्याने भेगेत सिमेंट भरून दिले. ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडली. शेवटी एक वयस्क वडार मामा आले, आयुष्यभर विहिरी आणि पाये खणलेले. त्यांनी भेगेकडे कमी पाहिले आणि घराभोवती फेरी जास्त मारली. म्हणाले, “सर, घर खचलं नाही. ह्या कोपऱ्याला उचललंय.”

त्या कोपऱ्यात काय होते? एका अंगाला आमच्या पत्नीची बाग. मोगरा, जास्वंद, केळीचे दोन खुंट, आणि उन्हाळ्यात रोज दोन वेळा पाणी. दुसऱ्या अंगाला, भिंतीपासून पाच-सहा फुटांवर, संडासाच्या टाकीचा शोषखड्डा. समोरच्या बाजूला मात्र फरशी आणि उन्हाने तापलेली कोरडी जमीन. म्हणजे एकाच घराखाली एका कोपऱ्यात बारमाही भाद्रपद आणि दुसऱ्या कोपऱ्यात वैशाख. काळी एका बाजूला फुगली, दुसरीकडे आकसली, आणि मधे भिंत. पुढे तिसऱ्या बाजूला कडुनिंब मोठा झाला, त्यानेही आपल्या मुळांनी तिकडची ओल ओढून घेतली. पाया, खड्डा आणि बाग या तीन कामांसाठी आम्ही तीन वेगळी माणसे बोलावली होती. जमीन एकच होती, एवढे तिघांच्याही आणि आमच्याही ध्यानात आले नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकातच खाली कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब विकसित केले. इंजिनिअर त्यांना अंडररीम्ड पाइल म्हणतात. ऋतूप्रमाणे ओल बदलते त्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरवर, ते खांब आपली पकड घेतात. मुंबईच्या आयआयटीतल्या आर. के. कट्टींनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षे काम केले आणि दाखवले, की न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभराचा थर मधे दिला तर खालच्या काळीचे फुगणे आटोक्यात येते. आपल्याकडचा चांगला मुरूम त्या कामाला येऊ शकतो. जुने गवंडी काळी काढून मुरूम भरायचे आणि पाणी मारून चोपायचे, त्यामागची युक्ती याच्या जवळची.

म्हणून जुने सगळे शहाणे आणि नवे सगळे अडाणी, असे मात्र समजू नका. आपली जुनी माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत हे खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला त्याच जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीची ओझी पेलणारी माळवदे माणसांवर कोसळली. जुन्यांनी पावसाचा आणि उन्हाचा प्रश्न सोडवला होता. भूकंपाचा त्यांना पडलाच नव्हता.

आता शोषखड्डा. या विषयावर व्याख्यानात बोलू नये असा संकेत आहे, तो आम्ही मोडतो.

आमचा खड्डा मे महिन्यात खणला. बांधणाऱ्याने आमच्या समोर त्यात चार बादल्या पाणी ओतले. बघता बघता ते गडप झाले. “सर, जमीन पाणी पिते,” तो म्हणाला, आणि आम्ही समाधानाने घरात गेलो. ते पाणी जमिनीने प्यायले नव्हते, ते भेगांतून पळाले होते. श्रावणात भेगा मिटल्या आणि खड्डा तुडुंब. लोटाभर पाणीही मुरेना.

गंमत अशी की ही फसवणूक ज्यांनी मानके लिहिली त्यांना ठाऊक होती. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात मुरण्याची चाचणी दिलेली आहे. भोक पाडून त्यात पाणी भरायचे आणि ते आधी मुरू द्यायचे; चिकणमाती असेल तर शक्यतो रात्रभर, म्हणजे माती हवी तेवढी फुगून घेते आणि भेगा मिटतात. मग दुसऱ्या दिवशी, पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. साठ मिनिटांहून जास्त लागली तर त्या जमिनीत शोषखड्ड्याचा नाद सोडून दुसरी व्यवस्था करायची, उदाहरणार्थ गाळणीच्या टाकीची. रात्रभर पाणी, एक पट्टी आणि एक घड्याळ, एवढाच खर्च. मातीला प्रश्न विचारण्याआधी तिला तिच्या पावसाळी रूपात आणायचे, ही त्या चाचणीतली खरी बुद्धी आहे. वैशेषिकांनी पृथ्वी गंधावरून ओळखायला सांगितली. आमच्या खड्ड्याने श्रावणात तीही अट पूर्ण केली.

उन्हाळ्यात भेगांतून पळालेले पाणी गेले कुठे, हा खरा गंभीर भाग आहे. काळीखाली मुरूम, मुरमाखाली फुटीर पाषाण, आणि त्या फटींतूनच आपल्या बोअरला पाणी येते. पिण्याच्या पाण्यापासून मुरवण्याची जागा किमान १८ मीटर दूर असावी, असे तेच मानक सांगते. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे ३३ बाय ६६. आता तुम्ही आपल्या गल्लीचा नकाशा मनात काढा: प्रत्येकाचा एक खड्डा, प्रत्येकाचा एक बोअर. आमच्या शेजारी एका पावसाळ्यात दोघांना कावीळ झाली, त्यांतली एक आठ वर्षांची मुलगी. आमच्याच खड्ड्यामुळे झाली, हे सिद्ध करता येणार नाही. नाही झाली, हेही आम्हाला सिद्ध करता येत नाही, आणि त्या घरी आम्ही आजही जरा अवघडूनच जातो. ती मुलगी बरी झाली. तिच्या वडिलांनी आम्हाला कधी एका शब्दाने विचारले नाही.

एक उलटे उदाहरण देतो. इंदापूरच्या प्रतबंदीत उथळ, मुरमाड जमीन तळाला होती, दोन-तीन आण्यांची. सांगोल्याकडे अशा जमिनी पिढ्यान्‌पिढ्या ‘माळ’ म्हणून बाजूला टाकल्या गेल्या. मुलीला स्थळ पाहताना माळरानाचा शेतकरी नको असे. पण डाळिंबाला पाण्याचा निचरा लागतो, खोल काळीत त्याची मुळे गुदमरतात. ठिबक आले, आणि त्याच माळावर डाळिंब उभे राहिले. २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आले. माती तीच, विंगेटच्या कारकुनाने जिला खालची प्रत दिली ती. घर बांधायलाही तीच बरी. आम्ही मात्र १६ आण्यांची जमीन शोधून तिच्यावर घर बांधले.

गेल्या महिन्यात आम्ही अंगणात एक खड्डा खणून घेतला. त्याच वडार मामांच्या नातवाने खणला, कारण आता मामांचे गुडघे चालत नाहीत. ते खुर्ची टाकून काठावर बसले होते. पहिले दोन-अडीच फूट काळी, मऊ. मग तुळतुळीत पृष्ठांची, वाकड्या ढेपळांची काळी. फुगण्या-आकसण्यात थर एकमेकांवर घासून ती गुळगुळीत होतात. मग चुनखडीचे खडे. साडेआठ फुटांवर मुरमाचा पहिला पिवळसर तुकडा लागला. मामांनी तो हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाले, “हा इथंच होता की सर.”

खड्डा अजून उघडा आहे, कडेने दोरी लावली आहे. सभागृहात एवढी प्लॉटवाली मंडळी दिसताहेत, म्हणून सांगतो. ज्यांना आपल्या पायाखाली काय असते ते बघायचे असेल त्यांनी यावे. मात्र रोहिणीच्या आत या. मृगाचा पहिला पाऊस पडला की आम्ही तो बुजवणार आहोत.